आई, सुकी मासळी घेऊनच ये

इंदूर,
कार्तिक वद्य पंचमी

ती. आई आणि ती. बाबा यांना शि. सा. नमस्कार.

अवंतिकाची तिकिटं झाली. दोन्ही खालचे बर्थ मिळाले, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको. सावंतवाडीहून मुंबईपर्यंत तुम्ही याल, दोन दिवस दादाकडे विसावा घ्याल, मग तो मुंबई सेंट्रलला तुम्हाला गाडीत बसवून देईल. सकाळी इथे नितीन स्टेशनवर असेल. हे सगळं फोनवर बोलून झालंच आहे. पत्र लिहितेय ते वेगळ्या गोष्टीसाठी, कारण फोनवर ती काढली की आई विषय बदलते.

आई, परवा तू म्हणालीस, "नको गो बाये, ह्या वेळी वासाचं काय आणत नाय. घरात वास भरतलो." हे तू का म्हणालीस ते मला माहीत आहे. दिवाळीत व्हिडिओ कॉल केला तेव्हा तू पडवीत सूप घेऊन सुका जवळा निवडत बसली होतीस. मनूने पाहिलं आणि "शी, आजी, हे काय खाता तुम्ही!" म्हणून तोंड फिरवलं. तू हसलीस, सूप बाजूला सरकवलंस आणि तिला शाळेचं विचारायला लागलीस. त्या दिवसापासून तू माझ्याशी मासळीचं एक अक्षर बोललेली नाहीस. एरवी आपला निम्मा फोन त्यातच जायचा: बाजारात जवळा कसा आलाय, बांगडा यंदा किती खारवलास, शेजारच्या काकूंचा उन्हात नीट वाळला नाही. ते सगळं बंद झालं, आणि मला ते फार लागलंय. म्हणून आज सविस्तर लिहिते. बाबा, आईचा चष्मा सापडला नाही तर तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा.

आई, मनूचा तो उद्गार तिच्या आतून आलेला नाही. रांगत होती तेव्हा तुझ्याच सुपातला जवळा मुठीने उचलून तिने तोंडात कोंबला होता, आठवतं? तू बोट घालून काढायला गेलीस तर रडायला लागली. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला किळस म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. माती, शेण, मुंगी, सगळं तोंडात जातं. किळस नंतर येते, आणि ती मोठ्यांच्या नि सोबत्यांच्या चेहऱ्यांवरून शिकली जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी यावर आयुष्यभर काम केलंय. निर्जंतुक केलेलं झुरळ सरबतात बुडवून काढलं, त्यात एकही जंतू नाही हे पटवून दिलं, तरी माणसं ते सरबत प्यायला तयार होत नाहीत. म्हणजे किळस काही अपायाचा हिशोब करून येत नाही. मनूच्या वर्गातली बहुतेक मुलं शाकाहारी घरांतली आहेत. तिने अंडं नेलं तरी शेजारची मुलगी बाक सरकवते. ती मुलंही वाईट नाहीत, त्यांनी त्यांच्या घरी जे पाहिलं तेच ती करतात. मनूने ते तिथून उचललं आणि तुझ्यापुढे ठेवलं.

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून वासाचं थोडं सांगते, बाबांना आवडेल. २००१ साली रेचेल हर्ट्झ आणि ज्युलिया फॉन क्लेफ या दोघींनी एक प्रयोग केला. ब्युटिरिक आणि आयसोव्हॅलेरिक या दोन आम्लांचं मिश्रण लोकांना हुंगायला दिलं. बाटलीतलं चीज आहे असं सांगितलं तेव्हा वास बरा वाटला. तीच वस्तू ओकारी म्हणून सांगितली तेव्हा माणसं तोंड वाकडं करून मागे सरली. वास तोच, फक्त नाव बदललं. आणि आपल्या मासळीचा वास म्हणशील, तर समुद्रातल्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात जगायला त्याला तो लागतो. मासा मेला की जंतू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि मागे राहतं ते ट्रायमिथाइलअमाइन. नाकाला जाणवतं ते हे. हा पदार्थ अल्कधर्मी आहे, आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो आणि मग तो हवेत उडत नाही. तू तिखल्यात सोलं टाकतेस, मासे धुताना चिंचेचं पाणी लावतेस, ते नेमकं हेच करतेस. वर्गात अल्क आणि आम्ल शिकवताना मी दरवर्षी तुझ्या सोलांचं उदाहरण देते. इथल्या मुलांना कोकम दाखवावं लागतं, मग मी तू पाठवलेल्या बरणीतली दोन सोलं रुमालात बांधून नेते.

बाबा, तुम्ही पहिल्यांदा इंदूरला आलात तेव्हा सकाळी पोह्यांच्या ताटलीत जिलबी पाहून ती बाजूला काढली होती. "पोह्याबरोबर गोड?" असं म्हणालात. वर शेव, बडीशेप, त्यावर भुरभुरलेला जीरावण मसाला, हे सगळं तुम्हाला अति वाटलं होतं. आणि परत निघायच्या दिवशी तुम्हीच नितीनला म्हणालात, जिलबी गरम असेल तिथेच थांबव. इथली शिकंजी मागितलीत ती लिंबाच्या सरबताच्या हिशोबाने. आली ती दाट, केशर-सुकामेवा घातलेली, दुधाची. तीही तुम्ही संपवलीत. पोहे इथे होळकरांच्या काळात आपल्या मराठी माणसांबरोबर आले असं सांगतात. ते खरं असेल तर इंदूरने आपले पोहे घेतले आणि त्यांच्यावर स्वतःच्या जिभेचं काम केलं, आणि त्यात आपल्या पोह्यांचं काही बिघडलं नाही.

या वेळी थंडीत येताय म्हणजे गराडू मिळेल. तो आपल्या कोनफळाच्याच कुळातला कंद. कच्चा सोलताना हात खाजतात. फोडी आधी तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत सोडतात, मग लिंबू आणि जीरावण. सराफ्यात रात्री सोनारांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे हे सगळं मांडलं जातं. पण बाबा, तुमच्यासाठी घरी करीन, रात्री उशिरा थंडीत उभं राहायचं नाही.

मांडूला आपण गेलो नव्हतो, यंदा जाऊ. तिथे गोरखचिंचेची, म्हणजे बाओबाबची प्रचंड झाडं आहेत, फार पूर्वी आफ्रिकेतून आलेली. भोपळ्यासारखं बुंध्याशी फुगलेलं खोड आणि वर बारक्या फांद्या. त्याचं फळ तिथे मांडूची चिंच म्हणून रस्त्याकडेला विकायला असतं. कवच कठीण, हिरवट, मखमलीसारखी लव असलेलं. फोडलं की आत पांढरा कोरडा गर, खडूसारखा भुसभुशीत, धाग्यांत अडकलेला. जिभेवर ठेवला की आधी काहीच लागत नाही, मग विरघळता विरघळता जी आंबट कळ येते ती थेट कानामागे जाते. सेनेगलमध्ये या गराचं दाट पेय करतात. गेल्या वर्षी दादाचा अथर्व इथे होता. त्याने एक खडा तोंडात घातला आणि लगेच थुंकला. मनू मात्र गालात एक खडा धरून दिवसभर फिरते. आई, हे मुद्दाम सांगतेय. ज्या मुलीने जवळा पाहून तोंड फिरवलं, ती खडूसारखा गर आनंदाने चघळते, कारण तो तिने इथे लहानपणापासून पाहिलाय, शाळेच्या सहलीत मैत्रिणींबरोबर खाल्लाय.

झाबुआचा कडकनाथही असाच. नितीनच्या ऑफिसातले एक सहकारी तिकडचे, भिलाला समाजातले. त्यांनी जेवायला बोलावलं होतं. कोंबडीचं कातडं काळं, मांस काळपट, हाडसुद्धा काळसर, शिजल्यावरही रंग जात नाही. मी क्षणभर थबकले. त्यांच्या आईने मात्र ज्या मायेने वाढलं त्यात मला तू दिसलीस. चांगला तुकडा पाहुण्याच्या ताटात, स्वतःला रस्सा. त्या भागात ही कोंबडी पिढ्यान् पिढ्या पाळतात. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आता शहरातले लोक दुप्पट-तिप्पट पैसे मोजून मागवतात.

आता मला सगळ्यांत जास्त जे सांगायचंय त्याकडे येते. आमच्या विभागात नागालँडची एक तरुण मुलगी शिकवायला आली आहे, सुमी समाजाची. तिच्याकडे अखुनी करतात. सोयाबीन मऊ शिजवायचं, पानात बांधून चुलीच्या उबेला काही दिवस ठेवायचं. ते आंबतं, चिकट होतं, मग कुटून ठेवायचं आणि धुरावलेल्या डुकराच्या मांसात, भाजीत, चटणीत घालायचं. बॅसिलस सबटिलिस जातीच्या ज्या जंतूंनी जपानी लोक नात्तो करतात, तेच कुळ इथेही काम करतं. गंमत अशी की सोयाबीनचा खरा मुलूख आमचा माळवा आहे. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९८७ पासून इथे इंदुरातच आहे. इथल्या काळ्या जमिनीतलं सोयाबीन गिरणीत जातं, त्याचं तेल निघतं, राहिलेल्या पेंडीची वडी होते, आणि ते आंबवून खातात हे सांगितलं तर माणसं विश्वास ठेवत नाहीत. ही मुलगी आधी जिथे भाड्याने राहत होती तिथे स्वयंपाकाच्या वासावरून तिला खोली सोडायला सांगितलं गेलं. आता नव्या जागी ती खिडक्या लावून, सगळे झोपल्यावर अखुनी करते. हे तिने मला सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तू सूप सरकवतेस ते आलं.

मी तिला म्हटलं, मला बोलाव. रविवारी गेले. तिने केळीच्या पानाची पुडी सोडली. आत तपकिरी, एकमेकांना तारा धरलेले दाणे. आधी अमोनियाची एक तिडीक नाकात गेली, डोळ्यांत पाणी आलं. तिने ते टोमॅटो आणि तिकडच्या जहाल मिरचीबरोबर ठेचलं, भात वाढला. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला मला कळलं की ही चव मी ओळखते. पावसाळ्यात पेजेबरोबर जवळ्याची चटणी खाताना जिभेच्या मागच्या बाजूला जी खोल, भरलेली चव रेंगाळते, ती हीच. मी तिला तसं सांगितलं. तिच्याकडेही सुकी मासळी खातात, कोळंबीही. कोकणातला जवळा तिला चाखायचा आहे. ती तुझी वाट बघतेय, आई.

त्या दिवसापासून मी जे वाचलं त्यातून मला एक गोष्ट पक्की दिसली. जगभर ज्या खाण्याला बाहेरचे नाक मुरडतात, ते बहुतेक तंगीच्या दिवसांसाठी माणसांनी डोकं लावून केलेलं असतं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, समुद्र खवळलेला. तेव्हा उन्हाळ्यातला जवळा आणि मिठातला बांगडा नसता तर आजीने एवढी माणसं कशावर जगवली असती? स्वीडनच्या उत्तरेला मीठ महाग होतं, म्हणून तिथल्या लोकांनी हेरिंग मासा कमीत कमी मिठात आंबवायला ठेवला. आजही तो डब्यात आंबत राहतो, डबा फुगतो, आणि वासामुळे अंगणात नेऊनच फोडतात. ऑगस्टचा तिसरा गुरुवार हा त्याचा परंपरेने ठरलेला दिवस. पातळ भाकरीसारखा पाव, उकडलेला बटाटा, कांदा, आणि सगळं कुटुंब एकत्र. आइसलँडमधला ग्रीनलंड शार्क ताजा खाल्ला तर विषारी, कारण त्याच्या अंगात तेच ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड अतोनात असतं. तो आधी पुरून, दाबून निथळवतात, मग काही महिने वाऱ्यावर टांगतात, तेव्हा तो खाण्याजोगा होतो. कोणीतरी भुकेच्या पोटी हे शोधून काढलं असणार, आणि शोधताना काहींनी सोसलंही असणार. कीटक खाणाऱ्यांचंही तेच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये सांगितलं की जगात सुमारे २०० कोटी माणसांच्या आहारात कीटक आहेत, १,९०० हून जास्त जातींचे. ओडिशात सिमिलिपालच्या जंगलातल्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एवढ्या माणसांचं जेवण आपण विचित्र कसं म्हणायचं?

आणि हे ऐक, हे वाचून मला रात्री तुला फोन करावासा वाटला होता. त्याच स्वीडनमध्ये गाय व्यायली की पहिल्या चिकाचा खरवस करतात. अगदी आपल्यासारखा, चीक, साखर, थोडी वेलची किंवा दालचिनी, भट्टीत बसवलेला. आइसलँडमध्येही करतात. चिकातली प्रथिनं उष्णतेने आपोआप थिजतात, विरजण लागत नाही, हे त्यांनाही आपल्यासारखंच कळलं. तू गूळ आणि जायफळ घालून हळदीच्या पानावर वाफवतेस तो खरवस तिथल्या एखाद्या म्हातारीपुढे ठेवलास तर तिला सांगावं लागणार नाही. आणि मुंबईतल्या कितीतरी मुलांना मात्र तो कशाचा आहे हे कळलं की खाववत नाही.

मनूबद्दल मला आशा आहे ती एका अभ्यासामुळे. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांना शेवटच्या महिन्यांत गाजराचा रस प्यायला दिला. ज्यांच्या आया तो रस प्यायल्या होत्या त्या बाळांनी पुढे उष्टावणानंतर गाजराची चव आली तर तोंड कमी वेडंवाकडं केलं. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आई जे खाते त्याची चव गर्भजलात उतरते, दुधात उतरते. मनूच्या वेळी मी सातव्या महिन्यापासून तुझ्याकडे होते आणि तू मला काय काय खायला घातलंस ते आपल्या दोघींना माहीत आहे. तिला ती चव परकी नाही, फक्त विसर पडलाय. आणि मोठ्या मुलांनाही नवी चव आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर आली की रुजते, मात्र जबरदस्ती करायची नाही. म्हणून तिला काही भरवू नकोस. तू तुझं कर, बाबांना वाढ, मला वाढ. ती बघेल, वास घेईल. चार दिवस तोंड वाकडं करेलही. करू दे. तू सूप मात्र सरकवू नकोस.

सासूबाईंशी मी आधीच बोलले आहे. त्या खात नाहीत, पुढेही खाणार नाहीत, आणि त्यांच्या देवघराच्या बाजूला मासळी येणार नाही. हे त्यांनी सरळ सांगितलं, मलाही ते मान्य आहे. पण लगेच म्हणाल्या, "त्यांनी या वयात आपलं जेवण का सोडायचं? गच्चीवरची शेगडी आहे की." गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिथे आम्ही थंडीत बाट्या भाजतो. तिथेच तुझा तवा, तुझी कढई, वेगळी भांडी. परवा त्यांनी स्वतः तिथला कोपरा धुऊन घेतला आणि तुझ्यासाठी पाट काढून ठेवला, कारण तू उभ्याने भाजत नाहीस हे त्यांना लक्षात होतं. तू संकोच केलास तर त्यांनाच वाईट वाटेल.

तेव्हा आता काय आणायचं ते लिहिते. जवळा अर्धा किलो, निवडून, कोरडा भाजून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. त्यातला थोडा वेगळा, त्या मुलीसाठी. खारे बांगडे चारच. बाबांचा रक्तदाब बघता मी ते दोनदा पाण्यात भिजवून मीठ उतरवणार आणि बाबांना अर्धाच देणार, त्यावर वाद नको. सोलं लागतीलच. उकडे तांदूळ इथे मिळत नाहीत, पाच किलो दादा मुंबईहून पाठवेल, तुम्ही ओझं उचलू नका. किसमुरासाठी नारळ इथे मिळतो, जरा कोवळा असतो, पण चालवून घेऊ. डबे गोधडीत गुंडाळून खालच्या बर्थखाली ठेवा. बाबांच्या गोळ्या आणि गुडघ्याचा पट्टा हातातल्या पिशवीत.

पत्र पोचलं की फोन करा. आणि आई, फोनवर यंदाचा बांगडा कसा उतरला ते आधी सांग.

तुमची,
शमा

ता. क. तिरफळं विसरू नकोस. मागची संपली, आणि इथे सगळा किराणा बाजार पालथा घातला तरी ती मिळत नाहीत.